वाचता येत नाही, म्हणजे समजत नाही का?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरोघरी पारायणाची तयारी सुरू होते. चौरंग पुसला जातो, पोथीचं वस्त्र धुऊन वाळत पडतं, आणि कोणी कुठला अध्याय वाचायचा याची यादी फॅमिली ग्रुपवर फिरू लागते. बहुतेक सगळे हौसेने नाव घालतात. पण बऱ्याच घरांत एखादं नाव असं असतं, जे दरवर्षी काही ना काही कारण सांगून मागे राहतं. कधी ते आठवी-नववीतलं भुरगं असतं, कधी चांगला कमावता पुरुष असतो, कधी आपल्याच शेजारी बसणारी एखादी वयनी असते. या वेळचा लेख त्या मागे राहिलेल्या नावाविषयी आहे.

इथे आम्ही शाळेचं तोंडच न बघितलेल्या माणसाविषयी बोलत नाही. शाळेत नियमित जाणारं, बोलायला चुणचुणीत, एकदा ऐकलेली आरती पाठ म्हणणारं मूल डोळ्यांसमोर आणा. पुस्तक उघडलं की तेच मूल अडखळतं. काल वाचलेला शब्द आज नवा वाटतो. ओळ सुटते, मात्रा गळते, मग ते अंदाजाने काहीतरी वाचतं आणि बाकीची मुलं हसतात. अशा मुलाविषयी आपल्या गावात चार वाक्यं ठरलेली आहेत. "आळशी आसा." "मन लायना." "मोबायलान बिघडयलो." "आवय लक्ष दिना." आणि पाचवं वाक्य जरा आवाज खाली करून म्हटलं जातं, "गेल्या जल्माचें कितें तरी आसतलें."

या पाच वाक्यांत खरं किती आणि आपण न बघता टाकलेला दोष किती, हा आमचा प्रश्न आहे. कुणाला आळशी म्हणणं ही साधी गोष्ट नाही. तो त्या माणसाच्या शीलावर केलेला आरोप असतो. आरोप करायचा तर आधी चौकशी करावी, एवढं तरी आपण जाणतो.

आता या त्रासाला नाव आहे, डिस्लेक्सिया. मराठीत वाचन-अक्षमता म्हणतात, पण तो शब्द कानाला जड वाटतो म्हणून आम्ही डिस्लेक्सियाच म्हणू. हा काही हल्लीच्या शहरी डॉक्टरांनी काढलेला आजार नव्हे. रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने 1887 साली हा शब्द वापरला. पुढे 1896 मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका 14 वर्षांच्या मुलाची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्या मुलाचं नाव पर्सी. खेळात तो कुणाच्या मागे नव्हता, बुद्धी तल्लख होती, डोळे ठीक होते, शिकवणारेही घरी-दारी होते. तरी छापील शब्द त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या मास्तरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा पोरगा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. सव्वाशे वर्षं होऊन गेली या गोष्टीला. म्हणजे मोबाईल नव्हता तेव्हाही हे मूल होतंच.

मग अडतं कुठे? आपण बोलतो ते आवाजांनी, आणि लिहितो ते खुणांनी. आवाजाची खुणेशी जोडणी करावी लागते आणि ती इतक्या वेगाने करावी लागते की करतोय हे कळूसुद्धा नये. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्या मेंदूत हीच जोडणी सावकाश होते, कच्ची राहते. दृष्टी कमी असते असं नाही, अक्कल कमी असते असं तर मुळीच नाही. वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचे जे भाग कामाला लागतात, ते या मुलांत कमी प्रमाणात कामाला लागतात, असं मेंदूची चित्रं काढून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं आहे. पुष्कळदा हे घराण्यातून येतं. मुलाला "वाच म्हणतो तर वाचत नाही" म्हणून रागावणारा बाप स्वतः लहानपणी याच कारणाने मार खाल्लेला असू शकतो. जगभरच्या पाहण्यांत आकडे वेगवेगळे मिळतात, पण शंभरात पाच ते दहा मुलं हा साधारण अंदाज धरतात. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन-तीन.

हे समजायला लांब जायला नको. आपल्या गावाचं नाव कागदावर लिहून बघा, 'हळर्ण'. बोलताना 'र' आधी येतो आणि 'ण' नंतर. लिहिताना मात्र तो 'र' पुढच्या 'ण'च्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे डोळा 'ण'पर्यंत पोचतो, वर बघतो, आणि मग अर्धं पाऊल मागे येऊन 'र' आधी म्हणतो. ऱ्हस्व इकाराचंही तसंच. 'चिकू' म्हणताना जीभ आधी 'च' म्हणते, पण कागदावर वेलांटी आधी भेटते. आपण हे सगळं पन्नास वर्षं करत आलो म्हणून सहज वाटतं. ज्याची जोडणी कच्ची, त्याला प्रत्येक शब्दात असं मागे-पुढे करावं लागतं. त्यात घ आणि ध, भ आणि म, प आणि ष सारखे दिसतात. एक पान संपेपर्यंत तो थकतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा कंटाळा करतोय.

त्यात आपल्या गोव्यातल्या मुलांचं ओझं थोडं जास्तच. घरात कोंकणी, प्राथमिक शाळेत मराठी, मग हिंदी, आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी सगळेच विषय इंग्रजीतून. मराठीत निदान बहुतेक अक्षरांचा एकच उच्चार ठरलेला असतो. इंग्रजीत तोही भरवसा नाही. 'सी' हे अक्षर 'कॅट'मध्ये क होतं आणि 'सिटी'मध्ये स. म्हणून चौथीपर्यंत सावकाश का होईना वाचत आलेलं मूल पाचवीत एकदम कोसळतं, आणि घरचे म्हणतात, "पयलीं बरो आसलो, आतां मस्ती चडल्या."

तर मुख्य प्रश्न असा की आळस आणि अडचण वेगळी ओळखायची कशी? आम्हाला वाटतं, एक खूण आहे. आळशी माणूस कष्ट टाळतो. हे मूल इतरांपेक्षा जास्त कष्ट करतं आणि तरी कमी पोचतं. दुसरं मूल जे वीस मिनिटांत वाचतं त्याला याला तास लागतो. तासभर झिजून दहापैकी तीन गुण मिळाले, आणि असं रोज, वर्षानुवर्षं झालं, तर आपल्यापैकी कोण पुस्तकाकडे आनंदाने जाईल? पुढे पुढे ते टाळायला लागतं, शाळेच्या वेळेला पोटात दुखू लागतं, दप्तर लपवलं जातं. तेव्हा आपण येतो आणि म्हणतो, बघा, आळशी. शेवटी जे दिसलं त्यालाच आपण सुरुवात समजतो.

जे माणसाच्या हातात नाही त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. हे नीतीचं अगदी पहिलं वाक्य आहे, कुठल्याही धर्माचा माणूस ते मान्य करील. लंगडणाऱ्याला आपण "नीट चाल" म्हणून ओरडत नाही. इथे ओरडतो, कारण पाय दिसतो आणि वाचताना आत चाललेली ओढाताण दिसत नाही. म्हणजे आपली दया डोळ्यांना दिसेल तेवढीच. साधना करणाऱ्याने यावर विचार करायला हवा. न दिसणारंही असतं, यावर तर आपला सगळा परमार्थ उभा आहे.

आता त्या पाचव्या वाक्याकडे येऊ. मागच्या जन्माचं कर्म. हे वाक्य आपल्या सत्संगाच्या घरांतूनच जास्त ऐकू येतं, म्हणून त्याचं उत्तर आपणच द्यायला हवं. कर्माचा सिद्धान्त आपल्याला कशासाठी सांगितला? वाट्याला आलेलं कुरकुर न करता सोसावं आणि पुढचं कर्म स्वच्छ करावं, यासाठी. तो आरसा आहे, स्वतःसमोर धरायचा. तोच आरसा उचलून दुसऱ्याच्या तोंडासमोर धरला की तो निवाडा होतो, आणि निवाडा करायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही. मागच्या जन्मी कुणी काय केलं ते आपल्यापैकी एकालाही ठाऊक नाही. समोर बसलेल्या आईचे डोळे भरून आलेत हे मात्र दिसतं. ठाऊक नसलेल्याबद्दल बोलायचं आणि दिसतं ते बघायचं नाही, हा कसला परमार्थ? आणि समजा, असेलही काही पूर्वकर्म. मग ते मूल नेमकं आपल्या घरात, आपल्या वाड्यावर, आपल्या बालवर्गात आलं, यात आपल्यालाही काही कर्म नेमून दिलेलं आहे असं का समजू नये?

देवाकडे गाऱ्हाणं घालायला आमची ना नाही. जरूर घालावं. आईच्या मनाला बळ येतं, ती पुन्हा उभी राहते. पण गाऱ्हाणं घातलं म्हणून तपासणी टाळायची, असं होऊ नये. ताप आला की आपण अंगारा लावतो आणि गोळीही देतो. तसंच हे.

यानंतर न्यायाचा प्रश्न येतो, आणि त्यावर आमच्या मंडळात बरीच चर्चा झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अडचणी मान्य केल्या आहेत, त्यांत डिस्लेक्सिया येतो. त्याच्याही वीस वर्षं आधी, 1996 साली, शेजारच्या महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत काही पालक आणि जाणकारांनी मिळून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू केली. आपल्या गोवा बोर्डाच्या परीक्षेतही प्रमाणपत्र असलेल्या मुलांना जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. यावर काही पालक म्हणतात, "आमचो भुरगो तीन वरांत बरयता, तांकां वेळ चड कित्याक? हो आमच्या भुरग्याचेर अन्याय न्हय?"

प्रश्न रागाचा वाटला तरी तो टाकून देण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यावं. आपल्या सत्संगाचंच उदाहरण घ्या. आपण सगळे खाली सतरंजीवर बसतो. ज्यांचे गुडघे गेले त्यांच्यासाठी मागे चार खुर्च्या मांडलेल्या असतात. आजवर कुणी म्हटलं का, की खुर्चीवर बसलेल्यांची भक्ती हलकी आणि हा आमच्यावर अन्याय? नाही. कारण सत्संगाला आपण मांडी घालायची परीक्षा द्यायला येत नाही. गुडघ्यामुळे एखाद्याचा सत्संग चुकू नये, म्हणून खुर्ची.

परीक्षेचंही तसंच बघावं. इतिहासाचा पेपर इतिहास कळला की नाही हे बघण्यासाठी असतो. प्रश्न वाचायलाच ज्याचा अर्धा वेळ जातो, त्याला येत असलेलं उत्तर लिहायला मिळालं नाही, तर त्या पेपराने त्याचा इतिहास मोजलाच नाही, वाचण्याचा वेग मोजला. तिथे थोडा वेळ वाढवून दिला तर माप खोटं होत नाही, खरं होतं. हां, जिथे वेगानं वाचणं हेच काम आहे, तिथे ही सवलत बसणार नाही, हे आम्हालाही पटतं. आणि अडचण नसताना कुणी प्रमाणपत्र मिळवून वेळ घेत असेल, तर तो खुर्ची अडवून बसलेला धडधाकट माणूस. त्याला उठवावं. पण त्याच्यापायी सगळ्या खुर्च्या उचलून टाकू नयेत. सगळ्यांना एकाच मापाने मोजणं म्हणजे समता, असं आपण शाळेत शिकलो. घर चालवणाऱ्या बाईला मात्र ठाऊक असतं की तान्ह्याला, कामावरून आलेल्या माणसाला आणि दात नसलेल्या सासऱ्याला एकच ताट वाढलं तर कुणीतरी उपाशी उठतं.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती गोड बोलून फसवते. 2007 च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' आला, आणि आपल्याकडे पुष्कळ लोकांनी डिस्लेक्सिया हा शब्द तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. त्या सिनेमाने मोठं काम केलं. कितीतरी आयांनी आपल्या मुलाला जवळ घेतलं असेल. पण त्यातला ईशान सुंदर चित्रं काढतो. तेव्हापासून अशा मुलाच्या आईला लोक धीर देतात, "काळजी नाका, अशीं भुरगीं व्हड जातात, आयनस्टायनूय तसोच आसलो." आयनस्टाईनला डिस्लेक्सिया होता याला पक्का आधार नाही. तो सोडून द्या. आमचा मुद्दा वेगळा आहे. ज्या मुलाला वाचता येत नाही आणि चित्रही काढता येत नाही, गाताही येत नाही, जे साधंच आहे, त्याचं काय? त्याला जवळ घ्यायला आपल्याला आणखी एखादं कारण लागणार का? मूल पुढे थोर होईल म्हणून त्याचा मान राखायचा, हा तर व्यवहार झाला. ते मूल आहे, त्याच्या आत तोच बसलाय जो आपल्या आत बसलाय, एवढं कारण आपल्याला पुरायला हवं. नाहीतर 'सगळ्यांच्या ठायी देव' हे आपण फक्त म्हणतो.

आणि याच्या अगदी उलट चूकही करू नये. "जाऊ दे, बिचाऱ्याला त्रास देऊ नका, नाही वाचलं तर नाही वाचलं." ही दया दिसते, पण ती हात झटकणं आहे. आजच्या काळात बसची पाटी, औषधाची चिठ्ठी, बँकेचा कागद, सगळं वाचावं लागतं. या मुलांना वाचायला शिकवता येतं. वेळ जास्त लागतो, पद्धत वेगळी लागते. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी जी पद्धत घातली, तिचं सूत्र असं की अक्षर एकाच वाटेने आत शिरत नसेल तर तीन वाटांनी पाठवायचं. डोळ्यांनी बघायचं, तोंडाने म्हणायचं, बोटाने गिरवायचं, आणि थोडं थोडं, ठरलेल्या क्रमाने, पुन्हा पुन्हा. हे वाचलं तेव्हा आम्हाला आपली धुळाक्षरं आठवली. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुलं बोटाने अक्षर काढायची आणि मोठ्याने म्हणायची. आजही ताटात तांदूळ किंवा रवा पसरून हे करता येतं. रोज दहा-पंधरा मिनिटं, शांतपणे, घड्याळ न दाखवता. एका दिवशी एकच अक्षर झालं तरी चालेल.

घरी लक्षात येण्यासारख्या काही गोष्टी सांगतो. दुसरी-तिसरी झाली तरी सारखी दिसणारी अक्षरं उलटसुलट होतात. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द अंदाजाने म्हटला जातो. एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो. फळ्यावरचं उतरवून होत नाही. तोंडी विचारलं तर उत्तर येतं, वहीत मात्र अर्धी ओळ. यांतलं एखादं बघून लगेच शिक्का मारू नये. अशा खुणा इतर कारणांनीही दिसतात. आधी डोळे आणि कान तपासावेत. मग जाणकाराकडे जावं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आहे, तिथेच आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. मुलांच्या वाढीच्या अडचणींवर काम करणारी 'सेतू' ही संस्था आपल्या गोव्यातच, डॉ. नंदिता डिसोझा यांनी उभी केलेली आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांनाही विचारावं. पूर्वी अशा चाचण्या इंग्रजीतूनच व्हायच्या, मग मराठीतून शिकणाऱ्या मुलाचं नीट कळायचं कसं? आता हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची साधनं तयार केली आहेत, त्यांत मराठीही आहे. मानसोपचार हा शब्द ऐकून घाबरू नये. तिथे गेलं म्हणजे मूल वेडं ठरत नाही.

आता पुन्हा आपल्या पोथीकडे. आपल्या परंपरेत भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत, आणि दासबोधाचा चौथा दशक सगळा त्यावरच आहे. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. ही यादी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण एकदा हळू म्हणून बघा. यात 'वाचन' नावाची वेगळी भक्ती नाही. पहिला मान श्रवणाचा, कानाचा. छापखाने येण्याआधी शेकडो वर्षं बहुतेक लोकांनी देव ऐकूनच जाणला. वाचणारा गावात एखादाच असायचा आणि बाकीचे सगळे ऐकणारे. तेव्हा ऐकणाऱ्याला कुणी कमी मानलं नाही. लिहिणं-वाचणं ही माणसाने पाच हजार वर्षांपूर्वी शोधून काढलेली विद्या आहे, बोलणं-ऐकणं तिच्या कितीतरी आधीचं. म्हणून मूल बोलायला आपोआप शिकतं, वाचायला मात्र शिकवावं लागतं.

आपल्या पेडण्यातच बघा ना. जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक चालतं. लिहिलेली संहिता त्याला नसते. कथा ठरते, पात्रं ठरतात, आणि राजा, ऋषी, राक्षस आपापली भाषणं तिथल्या तिथे रचतात. पुराणातले दाखले, शास्त्रातले वाद, सगळं तोंडातून ओघळत येतं. ही विद्या ते ऐकून-बघूनच मिळवतात. पहाटेपर्यंत बसून ते ऐकणारे आपण, सकाळी उठून एखाद्या मुलाला वाचता येत नाही म्हणून मठ्ठ कसं म्हणतो?

या विचाराने आमच्या मंडळाने यंदा काही गोष्टी ठरवल्या आहेत. पटल्या तर तुमच्या ग्रुपमध्येही कराव्यात.

एक, पारायणात किंवा बालवर्गात कुणाच्याही पुढ्यात न विचारता पोथी ठेवायची नाही. ओळीने सगळ्यांनी वाचायचंच, ही सक्ती नको. ज्याला वाचायचं त्याने आधी सांगावं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं, आणि दोघांचं पारायण पूर्ण मानावं.

दोन, ज्या मुलाला वाचायची इच्छा आहे पण भीती वाटते, त्याला चार ओळी आठ दिवस आधी द्याव्यात. घरी कुणीतरी रोज वाचून दाखवाव्यात. मग त्या दिवशी तेवढ्याच त्याने वाचाव्यात. वाचताना मध्येच शब्द पुरवायची आपल्याला घाई असते, ती आवरावी.

तीन, अशा मुलाला फक्त पाट मांडायला आणि प्रसाद वाटायला ठेवू नये. ती सेवा मोठी आहे, पण "तुला दुसरं जमत नाही म्हणून हे कर" असा वास त्याला लगेच येतो. ऐकलेल्या कथेचा अर्थ त्यालाही विचारावा. आमच्या बालवर्गाचा अनुभव असा की नेमकं विचारणारं मूल पुष्कळदा हेच असतं.

चार, मुलाला तपासणीला न्यायचं तर पेडण्याहून बांबोळीला दोन बस बदलत जावं लागतं, पूर्ण दिवस जातो, कामाला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. मंडळातल्या कुणीतरी सोबत जावं, किंवा तिच्या घरची दुसरी भुरगी त्या दिवशी सांभाळावीत. ही सेवा मंदिराच्या सेवेइतकीच लिहून ठेवली जाईल.

पाच, हा अंक यापुढे ग्रुपवर आवाजातही येईल. आमच्यातल्या दोघी तो वाचून पाठवणार आहेत. तो कुणी मागितला, कुणी ऐकला, याची विचारपूस करायची नाही.

पाचवी गोष्ट मुलांपेक्षा मोठ्यांसाठी जास्त आहे. डिस्लेक्सिया वयाबरोबर निघून जात नाही, माणूस त्याच्यासकट जगायला शिकतो. पोथी हातात आली की "चष्मा घरी रावलो" म्हणणारे काका, ग्रुपवर कधीच न लिहिणारी आणि फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवणारी भगिनी, सही करायच्या वेळी घाम पुसणारा भाऊ, यांच्यापैकी कुणाची दृष्टी खरंच अधू असेल, कुणाला शाळाच मिळाली नसेल, आणि कुणी चाळीस वर्षं हे एकट्याने लपवत आलं असेल. आपल्याला कारण शोधायचं नाही. लपवायची गरज उरणार नाही, असं वातावरण तेवढं करायचं आहे. ज्या घरात माणसाला आपली उणीव झाकावी लागते, त्या घरात कितीही पारायणं झाली तरी ते घर गुरूंचं झालं असं आम्हाला म्हणवत नाही.

म्हणून या चातुर्मासाच्या यादीत दोन रकाने असू देत, वाचणारे आणि ऐकणारे. दुसऱ्या रकान्यात पहिलं नाव घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःचं घालावं, म्हणजे बाकीच्यांना संकोच राहणार नाही. आणि हा लेख घरात कुणीतरी एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, एवढी विनंती.

काही चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या,
सेवेकरी भगिनी, हळर्ण, पेडणे